उभी गाडी, उतरती बॅटरी

अकबर-बिरबलाचा तो जुना सवाल आम्ही पाचवीच्या वर्गात दरवर्षी विचारतो. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले? तिन्हींचे उत्तर एकच, फिरवले नाही म्हणून. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका पोराने चौथा सवाल जोडला, "सर, आमच्या नव्या गाडीची बॅटरी का उतरली?" वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण त्या पोराच्या सवालाचे उत्तर वरच्या उत्तरात बसते आणि बसतही नाही. मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण अशा चारी बाजूंनी हल्ली हेच गाऱ्हाणे कानावर येते, म्हणून यावेळचे पान त्यासाठी.

ज्यांची चाळिशी उलटली आहे त्यांना प्रीमियर पद्मिनी आठवत असेल. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. कल्याणकरांचा या कारखान्याशी जवळचा संबंध, कारण याच प्रीमियरने नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागी करून '३०९' नावाची गाडी इकडे कल्याणच्या कारखान्यात बनवली होती. तीन-चार वर्षांतच तो संसार मोडला. सांगायचा मुद्दा असा की पद्मिनी किल्ली फिरवून बंद केली की खरोखर बंद व्हायची. विजेवर चालणारे तिच्यात होतेच काय? दिवे, हॉर्न, वायपर, हौस असेल तर टेप. बॅटरी उतरली तरी चार जणांनी धक्का मारला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून गाडी सुरू. आजच्या ऑटोमॅटिक गाडीला चाळीस जणांनी धक्का मारला तरी उपयोग नाही.

आजची गाडी कुलूप लावल्यावर बंद होत नाही, झोपते. आणि झोपही सावध. आपल्या खिशातली किल्ली जवळ येते का याकडे तिचा एक कान असतो. चोरीचा अलार्म जागा असतो. मोबाईलवरून गाडी कुठे आहे ते दिसणारी असेल तर तिच्यातले सिमकार्ड अधूनमधून कंपनीला निरोप पाठवत असते. गाडीत जागोजागी छोटे संगणक असतात, एक इंजिनाचा, एक दरवाजांचा, एक पडद्याचा. कुलूप लागल्यानंतर काही मिनिटांत, कधी अर्ध्या तासाने, ते एकेक करून झोपी जातात. घरातली सगळी मंडळी झोपल्यावर एखादा पोरगा चादरीखाली मोबाईल घेऊन जागा असतो तसे यातला एखादा संगणक जागा राहिला, की सकाळी बॅटरी उतरलेली.

आता फळ्यावर मांडतो तसा हिशेब मांडू. छोट्या-मध्यम गाडीत ३५ ते ४५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. ४५ धरा. म्हणजे १ अँपिअरचा खर्च सतत चालू राहिला तर ४५ तासांत ती रिकामी. निरोगी गाडी झोपेत साधारण २० ते ५० मिलिअँपिअर खाते. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. या वेगाने अर्धी बॅटरी संपायला अठरा-एकोणीस दिवस लागतात. अर्धी म्हणायचे कारण, तिथपर्यंत आली की सेल्फ जड जायला लागतो आणि बॅटरी थोडी जुनी असेल तर नुसतीच टकटक करते. म्हणजे पंधरा दिवसांच्या उमराहवरून परतल्यावर नवी गाडी सुरू व्हायला हवी. हजचे चाळीस दिवस मात्र तिला झेपणार नाहीत, आणि त्यात दोष कोणाचाच नाही. अशा गाडीला 'फिरवले नाही म्हणून' हेच उत्तर.

पण चार दिवसांत, तीन दिवसांत उतरते त्या बॅटरीचे काय?

आमच्या शाळेतल्या एक सहकारी आहेत, आम्ही सगळे त्यांना आपा म्हणतो. राहतात कौशाला. व्याजाचे कर्ज नको म्हणून आठ वर्षे भिशी आणि पगारातली बचत जमवून त्यांनी रोखीने गाडी घेतली. हौसेसाठी नव्हे. त्यांच्या अम्मींचे ठाण्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते, सोमवार, बुधवार, शुक्रवार, आणि पहाटे रिक्षा मिळेल की नाही या धास्तीत त्या घराने दोन वर्षे काढली होती. गाडी आली आणि ती धास्ती गेली. शाळेचे दिवस सुरळीत गेले. एक दिवसाआड ठाणे, आणि रोज शीळफाटा, काटई, पत्रीपूल करत कल्याण. दिवाळीची सुट्टी लागली आणि पहिल्याच सोमवारी पहाटे गाडी मेली. बटण दाबले की पडद्यावर सगळे दिवे नाताळासारखे लुकलुकायचे आणि इंजिन गप्प. अम्मींना शेजारच्यांनी आपल्या गाडीतून नेले. डायलिसिसची वेळ चुकली तर ती नुसती पुढे ढकलता येत नाही, हे ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांना सांगायला नको.

सर्व्हिस सेंटरने केबल लावून गाडी सुरू करून दिली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मग बॅटरी वॉरंटीत बदलून दिली, वर चहाही दिला. जानेवारीत शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली आणि सोमवारी नवी बॅटरीही झोपली. यावेळी सर्व्हिस सेंटरच्या साहेबांचे बोट डॅशकॅमकडे गेले. आपांच्या भावाने ठाण्याच्या एका दुकानातून तो बसवून घेतला होता. "बाहेरचे वायरिंग केलेत मॅडम, आता आम्ही काय करणार?" आपा तडक त्या दुकानात गेल्या आणि डॅशकॅम तारांसकट काढून आणला. फेब्रुवारीत आपा चार दिवस आजारी पडल्या, गाडी उभी राहिली. पाचव्या दिवशी तीच टकटक.

साहेबांचा संशय अगदीच खोटा होता असे नाही. गाडी उभी असतानाही चित्रण करणारा डॅशकॅम दोनशे-तीनशे मिलिअँपिअर सहज खातो. स्टिअरिंगखालच्या प्लगमध्ये खुपसायचे ते स्वस्त जीपीएस यंत्र स्वतः फारसे खात नाही, पण गाडीच्या संगणकांना झोपू देत नाही. दुकानात बसवलेले हॉर्न, पायाखालचे निळे दिवे, डिकीतला अँप्लिफायर, यांची तार घाईत चोवीस तास वीज असलेल्या जागेवर जोडली जाते, कारण ती जागा पटकन सापडते. हजार रुपयांच्या कामात वायर सोलून टेप गुंडाळली जाते आणि पहिल्या पावसाळ्यात त्या टेपखाली हिरवट गंज चढतो. तेव्हा नव्या गाडीला बाहेरचे काही लावायचेच असेल तर फ्यूजसकट आणि कपलर लावून घ्या, मूळ वायर कापू देऊ नका, आणि बिलावर काय लावले ते लिहून घ्या. डॅशकॅमला बॅटरी कमी झाली की आपोआप बंद होण्याची सोय असते, तिचा आकडा वरचा ठेवायला सांगा.

पण डॅशकॅम निघाल्यावरही बॅटरी उतरली, तेव्हा साहेब काय म्हणाले? "बॅटरी चेक केली, बॅटरी खराब दाखवते." इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण निम्मी भांडणे इथेच हरली जातात. शिशाची बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि ती पुन्हा पहिल्याइतकी भरत नाही. दोन-तीनदा असे झाले की नवी कोरी बॅटरीही म्हातारी होते. म्हणजे तपासणीत बॅटरी खराब निघते हे खरेच असते. ती खराब झाली म्हणून उतरली नाही, उतरत राहिली म्हणून खराब झाली. बॅटरी बदलून देणे सोपे, दहा मिनिटांचे काम. गळती शोधायला अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे सर्व्हिस सेंटरला कोणी देत नाही. आमच्या मते दुखण्याचे मूळ हेच आहे, लबाडी फार थोड्या ठिकाणी.

शेवटी आपांनी कौशातल्या एका वायरमन चाचांना गाठले. चाचांची हयात पद्मिनी टॅक्सींच्या वायरिंगमध्ये गेलेली, पण हातात नवा क्लॅम्प मीटर होता, तारेला न कापता नुसता चिमटा लावून करंट दाखवणारा. आम्ही मुद्दाम बघायला गेलो होतो. चाचांनी बॉनेट उघडे ठेवून त्याचा खटका स्क्रू ड्रायव्हरने दाबून बसवला, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटावे. दरवाजे लॉक केले आणि किल्ली आपांच्या घरी वर पाठवून दिली. किल्ली जवळ असली की गाडी जागीच राहते. मग म्हणाले, "मास्तर, आता चहा घ्या. हिला झोपू द्या." चाळीस मिनिटांनी चिमटा लावला. आकडा ०.३४ अँपिअर. निरोगी गाडीच्या जवळपास दसपट. मग त्यांनी एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. प्रत्येक फ्यूजनंतर आकडा बघायचा, बदलला नाही की फ्यूज परत जागेवर. अकराव्या की बाराव्या फ्यूजला आकडा ०.३४ वरून ०.०३ वर आला. तो फ्यूज पडद्याचा होता, म्हणजे गाणी, नकाशा, कॅमेरा ज्यावर चालते त्याचा. पडदा काळा दिसायचा, पण आत जागाच असायचा.

आम्ही तिथेच वहीत मांडले. ०.३४ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ८ च्या वर अँपिअर-तास. शुक्रवार दुपार ते सोमवार पहाट जवळजवळ पावणेतीन दिवस, म्हणजे बावीस. अर्धी बॅटरी साफ. शाळा असली की मध्ये फक्त रविवार यायचा, म्हणून भागायचे. सुट्टीत शुक्रवारनंतर थेट सोमवार. सर्व्हिस सेंटरमध्ये आपा "सोमवारीच बंद पडते" असे सांगायच्या तेव्हा ते हसायचे, गाडीला वार कसा कळेल म्हणून. ज्याला हजेरीपट वाचता येतो त्याला कळते की गैरहजेरीतही नियम असतो.

चाचांनी फ्यूज परत बसवला आणि पुढे हात लावला नाही. "वॉरंटीतली आहे, मी खोललं तर माझ्यावर येईल." त्यांचे हे वागणे आम्हाला फार आवडले. आपांनी मात्र एक कागद तयार केला. बंद पडल्याच्या चार तारखा, त्याआधी गाडी किती तास उभी होती, दोन बॅटऱ्यांचे क्रमांक, डॅशकॅम काढल्याची तारीख, मापाचे दोन आकडे आणि फ्यूजचा नंबर. दोन प्रती केल्या, एकीवर पोच घेतली. त्या कागदानंतर साहेबांच्या बोलण्याचा सूर बदलला. आधी पडद्याचे सॉफ्टवेअर नवे टाकले, फरक पडला नाही. मग पडदाच वॉरंटीत बदलला. खराब झालेली बॅटरीही बदलून द्या यावर अर्धा तास वाद झाला आणि तीही मिळाली. जाताना आपांनी विचारले, ही मोजणी तुमच्याकडे पहिल्याच दिवशी का झाली नाही? साहेब म्हणाले, तुम्ही जॉबकार्डवर 'गाडी सुरू होत नाही' एवढेच लिहून दिलेत. म्हणून वाचकांनो, जॉबकार्डवर सही करताना तक्रारीचे शब्द आपणच सांगा. 'उभ्या गाडीत बॅटरी उतरते, बंद गाडीचा करंट मोजून आकडा लिहून द्यावा' एवढे एक वाक्य पुरते.

घरच्या घरी एवढे बारीक माप कोणी घेऊ नये. पण चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन बॅटरीचे व्होल्ट बघायला काही हरकत नाही. रात्रभर उभी असलेल्या गाडीत १२.६ च्या आसपास आकडा असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. इंजिन सुरू असताना १३.५ ते १४.५ दिसावे. काही नव्या गाड्यांत हा आकडा पेट्रोल वाचवण्यासाठी मुद्दाम खालीवर होतो, त्याने घाबरू नये. मीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांना मात्र कधीही लावू नका, जाळ होतो.

हे दुखणे फक्त आपल्याकडचे किंवा स्वस्त गाड्यांचे आहे असेही नाही. अमेरिकेत सुबारू कंपनीच्या आउटबॅक, फॉरेस्टर वगैरे गाड्यांच्या मालकांनी याच तक्रारीवरून २०२० साली न्यू जर्सीच्या कोर्टात दावा लावला आणि पुढे तडजोडीत कंपनीने बॅटरीची वॉरंटी वाढवून दिली. भारतात २०२४ च्या जूनमध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ या विजेच्या गाडीच्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या, त्यात चार्जिंगच्या एका भागामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरण्याची भीती होती. त्याच भागासाठी किआनेही ईव्ही६ च्या १,१३८ गाड्या बोलावल्या. विजेच्या गाडीत मोठी बॅटरी असतेच, पण दरवाजे, संगणक, दिवे हे सगळे तीच जुनी १२ व्होल्टची छोटी बॅटरी चालवते. ती उतरली की पोटात शेकडो किलोमीटरची वीज असूनही गाडी जागेवर. दहा लाखांची वा पन्नास लाखांची, हिच्यापुढे सगळ्या सारख्या.

आता जरा बारीकसारीक छळाबद्दल. गाडीच्या टुंगटुंग आवाजाने डोके उठते अशी तक्रार घरोघरी आहे. त्यातला बराच आवाज कंपनीची लहर नसून कायदा आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक आणि शेजारच्या सीटच्या पट्ट्याचा इशारा, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाचा इशारा सक्तीचा आहे. ८० च्या वर गेलात की थांबून थांबून आवाज, १२० च्या वर सतत. घोडबंदर रोडवर हा आवाज ऐकण्याचे भाग्य कोणाला लाभत नाही. पण भिवंडीजवळच्या आमणे येथून समृद्धी महामार्गावर चढलात, तर जिथे सरकारनेच १२० ची मुभा दिली आहे तिथे ८० पासून गाडी नागपूरपर्यंत बोलत राहते. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली की पट्टा लाव म्हणून ती ओरडते, कारण सीटखालच्या सेन्सरला पिशवी आणि माणूस यातला फरक कळत नाही. पिशवी खाली ठेवा. बाजारात मिळणारी खोटी क्लिप मात्र लावू नका, उद्या त्या सीटवर माणूस बसणार आहे.

हज-उमराहला जाणाऱ्यांसाठी. गाडी दहा-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर निघण्याआधी तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवून आणा, डॅशकॅम आणि चार्जर उपसून ठेवा, किल्ली गाडीपासून लांब ठेवा. चाळीस दिवसांसाठी उत्तम म्हणजे भाऊ, भाचा कोणीतरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवणे. नुसते खाली जाऊन पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याला काही अर्थ नाही, आठ दिवसांत गेलेले पाच मिनिटांत भरून येत नाही. चालवणारे कोणीच नसेल तर बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह तार काढून ठेवता येते, पण त्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि किल्लीच्या आत लपवलेली लोखंडी किल्ली कशी निघते, दरवाजाचे भोक कुठे आहे, हे घरातल्या दोघांना तरी आजच दाखवून ठेवा. पुष्कळ घरांत ती किल्ली आहे हेच ठाऊक नसते.

इतके करूनही सर्व्हिस सेंटर ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची किंमत पाच ते दहा लाखांत असेल तर तक्रारीची फी २०० रुपये, दहा ते वीस लाखांत ४००. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत द्यावी लागते. आयोग गाडीची तपासणी करवून घेऊ शकतो. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००६ साली सांगितले होते की एखादा भाग बदलून काम होत असेल तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा हुकूम योग्य नाही. तेव्हा नवी गाडीच हवी असा हट्ट धरून वर्ष घालवण्यापेक्षा बिघडलेला भाग, खराब झालेली बॅटरी आणि झालेला खर्च मागणारा अर्ज जास्त चालतो.

शेवटी जंप स्टार्टचा क्रम, कारण घाईत इथेच नुकसान होते. दोन्ही गाड्या बंद. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचे दुसरे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, कारण बॅटरीजवळ ठिणगी पडणे धोक्याचे. मग चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटे थांबा आणि दुसरीला सेल्फ मारा. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर हजारोंचे संगणक जळतात, तेव्हा अंधारात मोबाईलचा दिवा लावून प्लसची खूण वाचा. काढताना क्रम उलटा.